दुसरा गिअर टाकताना ‘कर्रर्र’ होते: गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच तपासा

राजेंद्र नगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांची 2014 ची हॅचबॅक, 68,000 किलोमीटर चाललेली, आता त्या रोज पलासियाला ऑफिसला नेतात. पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना ‘कर्रर्र’ होते, सकाळी जरा जास्तच. रिव्हर्स टाकतानाही कधी कधी तसेच होते. जवळच्या मिस्त्रीने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली आणि सांगितले, “मॅडम, डब्बा खोलना पड़ेगा,” म्हणजे गिअरबॉक्स उघडावा लागेल. वडील म्हणतात, इतकी वर्षे माझ्या हातात गाडीने आवाज केला नाही, तुझाच क्लच नीट दबत नाही. ताई विचारतात, चूक माझ्या पायाची का गिअरबॉक्सची, आणि डबा खरंच उघडायचा का?

ताई, इंदुरात क्लच आणि गिअरबॉक्सचे काम करत मला सत्तावीस वर्षे झाली. म्हणून आधी सरळ उत्तर देतो आणि मग त्याची कारणे. डबा आत्ता उघडू नका. तुमच्या प्रश्नातली मोलाची गोष्ट दुसरा गिअर नसून रिव्हर्स आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. उभ्या गाडीत रिव्हर्स आवाज करत असेल तर पहिला संशय क्लचवर जातो, गिअरबॉक्सवर नाही. क्लचचा दोष बहुतेक वेळा डबा न उतरवता सापडतो आणि पुष्कळदा न उतरवता दूरही होतो. वडिलांचे म्हणणे मात्र अगदीच उडवून लावू नका. त्यात थोडे तथ्य असू शकते, त्यावर पुढे येतो.

आवाज कुठून येतो ते समजले की बाकीचे सगळे आपोआप उलगडते. आपण ‘गिअर घासला’ म्हणतो तेव्हा दोन मोठी चाके एकमेकांना खरवडत आहेत असे चित्र डोळ्यांपुढे येते. तसे होत नाही. आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या गिअरांच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. तुम्ही दांडी हलवता तेव्हा एक कडे सरकते, त्याला स्लीव्ह म्हणतात. ही स्लीव्ह हव्या त्या गिअरच्या बाजूला असलेल्या लहान टोकदार दात्यांवर चढून त्या गिअरला शाफ्टशी बांधते. या दात्यांना मिस्त्री लोक डॉग टीथ म्हणतात. स्लीव्ह आणि गिअर एकाच वेगाने फिरत असतील तर ती लोण्यात सुरी जावी तशी चढते. वेग वेगळे असतील तर दात्यांची टोके एकमेकांवर आपटत जातात, सेकंदाला कितीतरी वेळा. तोच तुमचा ‘कर्रर्र’. म्हणजे हा आवाज एकच गोष्ट सांगतो, वेग जुळलेला नाही. तो का जुळला नाही, एवढेच शोधायचे असते.

वेग जुळवण्याचे काम सिंक्रो रिंग करते. ही बहुधा पितळी असते आणि तिचा आतला भाग शंकूसारखा उतरता असतो. दांडी रेटली की रिंग आधी गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने त्याला आपल्या वेगावर आणते. वेग जुळेपर्यंत ती स्लीव्हला वाट देत नाही. अशी योजना मोटारीत पहिल्यांदा 1928 मध्ये कॅडिलॅकने आणली. त्याआधी हे काम चालवणाऱ्याच्या पायाला आणि कानाला करावे लागे. सिंक्रो नसलेले जुने ट्रक चालवलेला एखादा ड्रायव्हर ए. बी. रोडच्या ढाब्यावर भेटला तर विचारा, प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबून ते कसे चालवत.

आता थोडा हिशेब करू, कारण सिंक्रोवर किती भार पडतो ते आकड्यांशिवाय कळत नाही. लहान हॅचबॅकमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण साडेतीन, दुसऱ्याचे दोनाच्या आसपास असते. ताशी 20 किलोमीटर वेगाला पहिल्यात इंजिन मिनिटाला सुमारे 2,700 फेरे घेते. त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला जेमतेम 1,500 लागतात. इतके फेरे अर्ध्या सेकंदात उतरवायचे काम त्या बोटभर रुंदीच्या पितळी रिंगेचे. क्लच पूर्ण सुटला असेल, म्हणजे पेडल दाबल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध पूर्ण तुटला असेल, तर तिला फक्त क्लच प्लेट आणि आतला शाफ्ट एवढेच आवरावे लागते, आणि ते तिला सहज जमते. पण क्लच अर्धवट सुटला असेल तर चालते इंजिन त्या शाफ्टला ढकलत राहते आणि रिंग बिचारी इंजिनाशी झुंजते. त्यात ती हरते आणि झिजतेही. म्हणूनच क्लचची साधी कुरबूर वर्षभर अंगावर काढली की ती खरोखर गिअरबॉक्सचे काम होऊन बसते.

पहिल्या आणि दुसऱ्यातली दरी सगळ्यात मोठी असते, वरच्या गिअरांत ती कमी होत जाते. त्यात आपल्या शहरातले चालवणे आठवून पाहा. भंवरकुआंपासून नवलखा, गीता भवन, पलासिया, प्रत्येक सिग्नलला पहिला, दुसरा, ब्रेक, पुन्हा पहिला, दुसरा. राजवाड्याकडे किंवा जवाहर मार्गावर गेलात तर तिसरा गिअर लागतच नाही. त्यामुळे इथे ज्या गाड्यांची सिंक्रो जाते त्यांत दुसऱ्याचीच आधी गेलेली मला दिसते.

रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतेच. तिथे एक मधले चाक सरकून थेट अडकते. म्हणून रिव्हर्स हा क्लचचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे. क्लच थोडा जरी ओढत असला, म्हणजे पेडल दाबूनही पूर्ण सुटत नसला, तरी पहिला गिअर आवाज करणार नाही, नुसता जड जाईल किंवा अडेल, कारण त्याची सिंक्रो वाट अडवून धरते. रिव्हर्सला अडवणारे कोणी नाही, तो सरळ ओरडतो. काही गाड्यांत रिव्हर्सलाही सिंक्रो असते, तिथे आवाजाऐवजी अडकणे दिसते.

त्यावरूनच पहिली चाचणी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम होऊ द्या, न्यूट्रलमध्ये ठेवा. क्लच अगदी जमिनीपर्यंत दाबा, मनात दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटला असेल तर एवढ्या वेळात आतला शाफ्ट तेलाच्या ओढीने थांबून जातो आणि रिव्हर्स शांतपणे पडतो. दहा मोजूनही ‘कर्र’ झाले तर शाफ्ट अजून फिरतो आहे, आणि त्याला फिरवणारे इंजिनाशिवाय दुसरे कोणी नाही. म्हणजे क्लच ओढतो आहे, निकाल लागला. दहा मोजल्यावर आवाज गेला आणि घाईत टाकल्यावरच येत असेल, तर तो दोष नाही, रिव्हर्सची रीतच तशी आहे. दोन-तीन सेकंद थांबा, किंवा आधी दुसरा गिअर टाकून मग रिव्हर्स टाका. दुसऱ्याची सिंक्रो शाफ्टला थांबवून देते.

ही चाचणी तुम्ही कराच, पण वडिलांनाही करायला सांगा. त्यांच्या पायालाही तोच आवाज आला तर घरातला वाद तिथेच मिटेल.

दुसरी चाचणी जोखमीची नाही, पण गाडीसमोर भिंत किंवा माणूस नको. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. गाडीने पुढे धक्का मारला, किंवा क्लच दाबलेला असताना थोडा रेस दिल्यावर पुढे सरकायला पाहिले, तर क्लच ओढतोच आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना सगळेच जड जातात, हीसुद्धा क्लचचीच खूण. याउलट उभ्या गाडीत सगळे शांत, रिव्हर्स बिनतक्रार, आणि चालत्या गाडीत फक्त दुसरा गिअरच आवाज करतो, तर मात्र दुसऱ्याच्या सिंक्रोवर बोट ठेवावे लागेल.

आता पायाची गोष्ट. गाडी वडिलांची आहे, सीटही त्यांच्याच मापाला लावलेली असणार. क्लच पूर्ण दाबल्यावर तुमचा गुडघा अगदी सरळ ताणला जातो का? तसे असेल तर तुमचा पाय शेवटच्या बोटभर अंतरात पोचत नाही आणि नेमक्या त्याच अंतरात क्लच पूर्ण सुटतो. पेडल तळाला टेकल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहील इतकी सीट पुढे घ्या. आणि पायाखाली वाकून पाहा. हल्ली सगळे जाड, काठ उचललेले मॅट बसवून घेतात. तो मॅट सरकून क्लच पेडलखाली आला की पेडल एक-दोन सेंटिमीटर आधीच थांबते. गेल्या पावसाळ्यात एका वहिनींची गाडी मी पाहिली. दोन ठिकाणी गिअरबॉक्सचा अंदाज घेऊन त्या आल्या होत्या. मॅट काढून मागच्या सीटवर टाकला, गाडी रामबागेतून एक फेरी मारून आणली आणि परत दिली. रिव्हर्स तर शांत पडलाच, दुसराही. तुमच्याकडे असेच निघावे असे मला मनापासून वाटते, पण तेवढ्यावर थांबू नका.

बॉनेट उघडून गिअरबॉक्सकडे पाहा. काळी केबल येऊन एक लोखंडी आर्म ओढत असेल तर तुमचा क्लच केबलचा. बारीक पाइप येऊन तिथे छोटा सिलिंडर असेल तर हायड्रॉलिक.

केबलच्या गाडीत पेडल बोटाने दाबून पाहा. सुरुवातीला थोडे अंतर ते सैल जाते, मग जड लागते. त्या सैल अंतराला फ्री प्ले म्हणतात. बहुतेक लहान गाड्यांत ते 10 ते 20 मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. केबल ताणून लांबली की हे अंतर वाढते, म्हणजे पेडलचा बराचसा प्रवास वायाच जातो आणि क्लच अर्धवट सुटतो. गिअरबॉक्सकडच्या टोकाला अॅडजस्टमेंटचा नट असतो, तो फिरवायला पाच मिनिटे लागतात. मात्र फ्री प्ले अगदी शून्यावर आणू नका. मग रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, सतत दाबलेले राहते आणि क्लच घसरू लागतो.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, म्हणून थांबून सांगतो. ‘क्लच गेला’ हे आपण दोन उलट आजारांना म्हणतो. एकात क्लच धरत नाही: रेस दिला की इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही. दुसऱ्यात क्लच सोडत नाही: तोच तुमचा संशयित. प्लेट झिजली की बहुधा पहिला आजार होतो, दुसरा नव्हे. क्लच कुठे उचलतो, म्हणजे पेडल सोडताना गाडी कुठे निघू लागते, ते पाहिले की ओळखता येते. पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर, वर उचलत असेल तर प्लेट झिजलेली. पाय तळापासून जेमतेम हलवताच गाडी निघत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. तुमच्या गाडीत तो कुठे उचलतो हे तुम्ही लिहिलेले नाही. आज संध्याकाळी एवढे नक्की पाहा, माझ्या दृष्टीने हा अर्धा निकाल आहे.

हायड्रॉलिक असेल तर क्लच तीन-चार वेळा भराभर पंप करा आणि मग रिव्हर्स टाका. पंप केल्यावर शांत पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचे वॉशर गळतात. फ्लुइडची पातळी पाहा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. गिअरबॉक्सवरच्या सिलिंडरचे रबर ओले आहे का, आत पेडलच्या वर ओल आली आहे का, तेही पाहा. हे फ्लुइड हवेतली ओल शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. आपल्याकडे ब्रेकचे बदलतात आणि क्लचच्या लाइनमधले तसेच जुने राहते. टाकीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 जे लिहिले असेल तेच घाला. दुसरे कुठलेही तेल गेले तर सगळी रबरे फुगतात आणि खर्च दसपट होतो.

आता माझा एक अनुभव, कारण त्यानेच मला ही शिस्त लावली. गॅरेज सुरू करून तीन-चार वर्षे झाली होती. मुलांना शाळेत नेणारी एक व्हॅन आली, तक्रार तुमचीच, दुसरा गिअर. मी गाडी चालवून पाहिली, आवाज स्पष्ट होता, डबा उतरवला. दुसऱ्याची रिंग खरोखरच झिजलेली निघाली. नवी बसवली, गाडी लोण्यासारखी चालली, मालक खूश, मीही खूश. महिना-दीड महिन्याने तीच व्हॅन त्याच आवाजासह परत आली. माझ्या पोटात गोळा आला. यावेळी मी मुलाला पेडल दाबायला बसवले आणि स्वतः बॉनेटमध्ये डोके घालून पाहत राहिलो. तो पेडल दाबी तेव्हा केबल जिथे पत्र्यातून बाहेर येते तो पत्राच वाकत होता. ब्रॅकेटशेजारी बारीक तडा होता. पायाचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जात होता, क्लच कधी पूर्ण सुटतच नव्हता, आणि त्यानेच नवी रिंगही खाल्ली. पत्र्याला पट्टी वेल्ड केली, डबा पुन्हा उतरवला, दुसरी रिंग माझ्या पैशाने घातली. झिजलेली रिंग मला आधीही खरी दिसली होती, पण ती का झिजली हे मी विचारले नव्हते. त्या दिवसापासून क्लच मोजल्याशिवाय मी गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावत नाही. तुमच्या मिस्त्रीलाही हेच सांगा: कोणी तरी पेडल दाबू दे आणि तुम्ही पाहा, आर्म पूर्ण फिरतो का.

क्लच निर्दोष निघाला तरीही डब्याआधी आणखी एक गोष्ट उरते, ती म्हणजे तेल. लहान गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये साधारण दोन लिटर तेल असते. इंजिन ऑइल आपण वेळेवर बदलतो, पण गिअर ऑइल विकत घेतल्यापासून तसेच असलेल्या गाड्या मी रोज पाहतो. तेल कमी असेल किंवा चुकीचे असेल तर सिंक्रो काम करत नाही. चुकीचे म्हणजे कसे ते सांगतो. तेलाच्या डब्यावर जीएल-4 किंवा जीएल-5 असे लिहिलेले असते. पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणून चांगला, असे समजून जीएल-5 घातलेले मी पुष्कळ पाहिले. ते मुख्यतः डिफरन्शियलच्या जड दात्यांसाठी बनवलेले असते. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्ये पितळी रिंगांना बाधू शकतात आणि त्याचा निसरडेपणा रिंगेला शंकू पकडू देत नाही. मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिले असेल तर जीएल-4 च, आणि 75डब्ल्यू-80 किंवा 75डब्ल्यू-90 जे काही लिहिले असेल तेही तसेच. सियागंजच्या दुकानात “यही चलता है” म्हणून जे हातात देतील ते घेऊ नका, तेलाचा डबा फिरवून वाचा.

तुमचा सकाळचा जास्त आवाज याच तेलाशी जोडलेला असावा. रिंगेला शंकू पकडण्याआधी मधला तेलाचा थर कापून काढावा लागतो. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा कधी कधी 10 अंशांच्याही खाली जातो. अशा थंडीत तेल मधासारखे होते आणि तो थर लवकर निघत नाही. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत आवाज येऊन मग नाहीसा होत असेल तर तेल बदलून पाहणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. थंड गाडीत पहिले काही गिअर सावकाश टाका, बस. गाडी गरम झाल्यावर आवाज वाढत असेल तर तो वेगळा प्रकार, तिथे हायड्रॉलिकच्या गळतीचा किंवा रिंगेच्या झिजेचा विचार आधी करा.

तेल काढताना स्वतः उभ्या राहा. ड्रेन प्लगला बहुधा चुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ चिखलासारखा थर असेल तर घाबरू नका, इतक्या किलोमीटरांना तो असतोच. तेल उन्हात धरल्यावर सोनेरी चकाकी दिसली तर ती रिंगांची पितळ आहे. चुंबकावर टोचणारे पोलादी कपचे निघाले तर मात्र दाते किंवा बेअरिंग तुटते आहे, मग डबा उघडण्यावाचून गत्यंतर नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून, ते आत जाते. पाण्यात भिजून गाडी बरेच दिवस उभी राहिली तर क्लच प्लेट गंजून इंजिनाच्या फ्लायव्हीलला (जड चाकाला) चिकटते, तेव्हाही सगळे गिअर असेच अडतात.

दुसरे आवाज यात मिसळू नका. न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवर नसताना घरघर आणि क्लच दाबला की बंद, तर ते गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. गिअर पडल्यावर गाडी चालत असताना आपोआप बाहेर येत असेल तर झिजलेले दाते, दांडीची लिंकेज किंवा इंजिनाचे माउंटिंग पाहा. रिव्हर्समध्ये जाताना येणारी ‘हुंई’ ही सरळ दात्यांची असते, ती दुरुस्त करायची नसते.

हे सगळे होईपर्यंत गाडी कशी चालवायची? पहिल्यातून दुसऱ्याला जाताना दांडी न्यूट्रलच्या जागी क्षणभर विसावू द्या. ‘एक’ म्हणण्याइतका वेळ, मग बोटांच्या जोराने दुसऱ्यात. इंजिनाचे फेरे फार चढवून बदलू नका. दांडी अडली तर रेटू नका, सोडा, पुन्हा क्लच दाबा, पुन्हा टाका. दात्यांची टोके प्रत्येक कर्रर्रला थोडी थोडी बोथट होतात आणि एकदा बोथट झाली की नवी रिंग घालूनही आवाज जात नाही, गिअरच बदलावा लागतो. खरा खर्च तिथे आहे. गाडी रांगत असताना पहिला टाकायची सवय असेल तर ती मोडा. वरचा हिशेब उलटा करा: ताशी 20 ला दुसऱ्यातून पहिल्यात येताना शाफ्टला 1,500 वरून 2,700 वर चढवावे लागते. दांडीवर हात ठेवून चालवू नका, हाताचा भार स्लीव्ह सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर जातो.

ओंकारेश्वरला जायचे ठरत असेल तर वाटेतला भेरूघाट या अवस्थेत टाळलेला बरा. उतरणीवर तिसऱ्यातून दुसरा पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. जावेच लागले तर घाट सुरू होण्याआधी, सपाटीवरच दुसरा टाकून घ्या. चालत्या गाडीत दुसऱ्याला खाली यायचे असेल तर दोनदा क्लचची पद्धत शिका: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलका रेस, पुन्हा क्लच, मग दुसरा. जुने ट्रकवाले तेच करत. रिंगेचे काम तुमचा पाय करतो. हे आधी रिकाम्या रस्त्यावर सरावा, घाटात नव्हे.

मॅट, सीट, फ्री प्ले किंवा फ्लुइड, आणि तेल, एवढे तपासूनही दुसरा गिअर आवाज करत राहिला तर डबा उघडा आणि मनात शंका ठेवू नका. 68,000 किलोमीटर, शहरातले चालवणे, दुसऱ्याची रिंग गेली असेल तर नवल नाही. उघडताना फक्त रिंग बदलून घेऊ नका. दुसऱ्याचे डॉग टीथ आणि स्लीव्हच्या आतल्या कडा बोट फिरवून, उजेडात तुम्हाला दाखवायला सांगा. टोके कोनासारखी धारदार हवीत, गोल झालेली नकोत. रिंग आणि गिअर यांच्यामधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजायला लावा. ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेखाली गेली असेल तरच रिंग झिजली म्हणायची. डबा उतरलेलाच असतो तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग पाहून घ्या. उतरवण्या-चढवण्याची मजुरीच मोठी असते, ती सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा देऊ नका. इंजिनाकडचे ऑइल सील ओले असेल तर तेही तेव्हाच बदला, नाहीतर नव्या प्लेटवर तेल येईल. पहिला आणि दुसरा यांची रिंग सारखी दिसली तरी जुनी-नवी अदलाबदल करू देऊ नका, आणि काढलेले सुटे भाग पिशवीत घालून घरी आणा. दहा सेकंदांच्या चाचणीत काय झाले आणि क्लच कुठे उचलतो, एवढे दोन मुद्दे कळवलेत तर पुढचे नेमके सांगता येईल.